हुक नंतर बघू, आधी वरची तार

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर उमेद गेली आणि आता येळ्ळुरात 10 गुंठ्यांच्या पॉलीहाऊसमध्ये काकडी घेतोय. आमच्या बाजूचं कोण ना कोण येतंय आणि विचारतंय, "मामा, काकडीला हुक कुठला चांगला ओ?" हुक म्हणजे वेलाची सुतळी गुंडाळून वरच्या आडव्या तारेवर अडकवतात तो. मी म्हणतो, हुकाचं राहू दे, तुझी वरची तार कुठं बांधलीस ते सांग आधी.

पॉलीहाऊसचं डिझाईन करताना टांगलेल्या पिकाचा भार चौरस मीटरला 15 किलो धरतात. 10 गुंठे म्हणजे हजार चौरस मीटर. सरळ 15 टन झाले की! एवढं वजन सुतळीवरून हुकावर, हुकावरून तारेवर आणि तारेवरून शेवटी कुठल्या तरी पाइपावर जातंय. सुतळी, वेल तिला धरून ठेवणारी क्लिप, हुक याचा भाव लोक दहा दुकानात विचारतात आणि तारेला मात्र कुंपणाचं उरलेलं भेंडोळं.

दोन खांबांत 4 मीटर अंतर आणि एका ओळीचं मीटरला 12 किलो वजन धरा. म्हणजे दोन खांबांमधल्या एका गाळ्यात 48 किलो. हे काय मोठं वजन नव्हे. पण तार आडवी आहे. तिला मधोमध 10 सेंटीमीटर झोल ठेवला तर तारेत 240 किलोचा ताण येतो. "झोल बरा दिसत नाही" म्हणून 5 सेंटीमीटरवर आणली तर 480. तार जितकी सरळ ठेवायला जाल तितका ताण वाढत जाणार. मऊ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार मग हळूहळू लांबते, पुन्हा झोल पडतो, पुन्हा कोण तरी पाना घेऊन चढतो. त्यापेक्षा गाळ्याच्या मध्यावर वरच्या आडव्या पाइपातून एक उभी तार सोडून तिथं टेकण द्यावं. झोल 5 सेंटीमीटरच ठेवला तरी ताण 120 वर येतो. गाळा अर्धा, ताण चौथाई. असलं हाताला येणारं गणित शाळेत कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

तारेची टोकं शेवटच्या खांबाला बांधलीत तर त्या खांबाला आतून तिरका टेकू पाहिजे. नाही तर सगळ्या ओळी मिळून त्याला आत ओढतात. राजहंसगडाच्या अंगानं पावसाळ्यात वारं सुटलं की ढाच्याला स्वतःचंच झेपायला जड जातंय, त्यात ही ओढ. आणि एक, गेजचा आकडा मोठा म्हणजे तार बारीक. 12 गेज घेऊन "10 पेक्षा जाड आणली" म्हणणारे मी बघितलेत.

आता हुक. काकडीचा वेल थांबत नाही, तार 3 मीटरवर असली तरी तो वाढतच राहतो. म्हणून हुकावर जास्तीची सुतळी गुंडाळून ठेवायची आणि शेंडा तारेला टेकला की सोडायची. वेल खाली येतो, बुडाकडचा उघडा दांडा जमिनीलगत आडवा पडतो आणि हुक तारेवर बाजूला सरकवायचा. ओळीतले सगळे वेल एकाच दिशेला सरकवायचे. टोकाला पोचले की शेजारच्या ओळीत वळवायचे. खालची पानं आधी काढून टाकायची, नाही तर मातीला लागून कुजतात. हे काम दुपारनंतरच. सकाळी दांडा पाण्यानं फुगलेला असतो, कट्टकन मोडतो. एका वेळी फूटभर पुरे.

हुक घेताना मी तारेचा बाक हातानं उघडून बघतो. सहज उघडला तर परत ठेवतो. कापलेल्या टोकाला धार असेल तर सुतळी तिथंच झिजते, कानस फिरवा. ढब्बू मिरचीला मात्र हुकाचा खर्च कशाला? ती काकडीसारखी पळत नाही. फांदीमागं एक सुतळी, वर गाठ, विषय संपला.

क्लिपेला एक बिजागरी असते, ती सुतळी धरते. दांड्याला नुसता वेढा बसतो, आवळ नाही. क्लिप पानाच्या देठाखाली लावायची, म्हणजे वजन देठाच्या खोबणीत बसतंय. फळाच्या देठाखाली लावली तर काकडीच गळून हातात येते. बुडाला फास नको, न सरकणारी सैल गाठ पाहिजे, दांडा अंगठ्याएवढा होणार हे धरून. कामाला येणाऱ्या अक्का बागेवाडीकडच्या. त्या नव्या पोरींना ओरडतात, "बिगी कट्टब्याडरी!" घट्ट बांधू नका. एवढं कन्नड आमच्या घरात सगळ्यांना येतंय. वेल सुतळीला गुंडाळताना सगळ्यांनी एकाच बाजूनं गुंडाळायचं, हेही त्यांचंच. झाडाला फरक पडत नाही, पण उद्या दुसरी बाई त्याच ओळीत आली की तिचा हात चुकत नाही. काकडीचे तणावे दिसतील तसे खुडायचे, ते शेजारच्या वेलाला धरतात आणि खाली सोडताना दोन्ही अडकतात.

सुतळी प्लास्टिकची घ्यावी की तागाची, यावर आमच्यात भांडण आहे. ताग आमच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत बुडाला मातीशी कुजतो आणि वेल भरात असताना तुटतो. प्लास्टिकची टिकते, पण उन्हात न टिकणारी स्वस्तातली आणलीत तर तीही पीठ होते. शिवाय पीक निघाल्यावर वेलासकट खतात गेली की खत वाया. मी प्लास्टिकच वापरतो आणि वेल काढताना सुतळी आधी ओढून घेतो. वेळखाऊ काम आहे, मजुरी लागते. क्लिपा ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवून, धुऊन पुन्हा वापरतो. हुक मात्र त्या पाण्यात टाकू नका, जस्ताचा मुलामा जातो आणि गंज धरतो. ते नुसते पुसून, बाक तपासून ठेवायचे.