तो लांडगा कितीदा मरताना बघशील?

माझ्या कपाटाच्या खालच्या फळीवर डीव्हीडींची एक रांग आहे, आणि त्यातल्या बहुतेकांवर तोच केसाळ, सुळे विचकलेला चेहरा. घरी पहिल्यांदा आलेलं माणूस तिथे थबकतंच. आत्याने विचारलं, शेजारच्या काकूंनी विचारलं, आता तुम्हीही विचारलंत: हे जुने स्पॅनिश लांडगामाणसाचे सिनेमे पुन्हा पुन्हा काय बघायचे? भीती तरी वाटते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भीती फारशी वाटत नाही. वाईट वाटतं, त्या लांडग्यासाठी.

त्याचं नाव वाल्देमार दानिन्स्की, पौर्णिमेला लांडगा होणारा शापित माणूस. १९६८च्या ‘ला मार्का देल ओम्ब्रे लोबो’मध्ये तो पहिल्यांदा आला आणि पुढे डझनभर सिनेमांत येत राहिला. पटकथा हासिंतो मोलिना या माद्रिदच्या माणसाची. तो वेटलिफ्टर होता, स्पेनचा राष्ट्रीय विजेता. लहानपणी थिएटरात अमेरिकन लांडगामाणूस पाहिला आणि त्याने त्याचं मन कायमचं धरलं. भूमिकेसाठी आधी अमेरिकन सिनेमातला लांडगामाणूस साकारणाऱ्या लॉन चेनी ज्युनिअरला विचारलं होतं. ते जमलं नाही, तेव्हा मोलिना स्वतःच उभा राहिला. परदेशात चालेल असं नाव हवं म्हणून तो पॉल नाशी झाला. ‘पॉल’ त्या वेळच्या पोपवरून आणि ‘नाशी’ एका हंगेरियन वेटलिफ्टरच्या आडनावावरून घेतलं, असं तो सांगायचा.

आता मूळ गोष्ट. स्पेनमध्ये तेव्हा फ्रँकोची हुकूमशाही होती. स्पॅनिश माणूस लांडगा होतो, हे सेन्सॉरला चालणार नव्हतं. म्हणून वाल्देमार पोलिश झाला. मला हे फार लागतं, कारण लांडगामाणूस स्पेनला परका नव्हताच. स्पेनच्याच गालिसिया प्रांतात मानुएल ब्लांको रोमासांता नावाच्या फिरत्या विक्रेत्यावर खुनांचा खटला चालला. आपण शापाने लांडगा होतो, असं त्याने कोर्टात सांगितलं. १८५३ साली आयारित्सच्या न्यायालयाने त्याला मृत्युदंड दिला आणि राणी इसाबेल दुसरी हिने तो पुढे जन्मठेपेवर आणला. इतकं असूनही पडद्यावरच्या लांडग्याला परक्या देशाचं नाव घेऊन आपल्याच घरात राहावं लागलं. नाशीच्या चेहऱ्यावर जो एकटेपणा आहे, त्यात मला हेही दिसतं.

आणि काय चेहरा आहे तो! ठेंगणा, रुंद, मानेचा पत्ता नाही. रूपांतर सुरू झालं की तो सगळ्या अंगाने झगडतो. जड वजन डोक्यावर नेताना शरीर कसं थरथरतं हे ज्याला आतून माहीत आहे, तोच इतकं खरं तळमळू शकतो. मेकअपच्या मर्यादा दिसतात, केसांची कड कधीकधी उघडी पडते, पण तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या डोळ्यांवर गेलेलं असतं. डोळे वाल्देमारचेच राहतात.

एकच बघायचा असेल तर १९७१चा ‘ला नोचे दे वालपुर्गिस’ बघा. दिग्दर्शक लेऑन क्लिमोव्स्की, मूळचा अर्जेंटिनाचा. सुरुवातीलाच डॉक्टर वाल्देमारच्या प्रेतातून चांदीच्या गोळ्या काढतात. वर पौर्णिमा. चांदी निघाली की लांडगा उठणार, हे तुम्हाला कळलंच. पुढे दोन मुली एका जुन्या सरदारणीची कबर शोधत येतात आणि ती रक्तपिपासू सरदारीण (अभिनेत्री पॅटी शेपर्ड) जागी होते. ती धुक्यातून स्लो मोशनमध्ये येते, पाय जमिनीला लागतच नाहीत असं वाटतं. पैसे कमी होते, पण तो क्षण मला मोठ्या बजेटच्या कुठल्याच सिनेमात सापडलेला नाही.

या लांडग्याला मारायचं तर चांदी हवी, आणि ती त्याच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या बाईच्या हातात हवी. म्हणजे कुणी जीव लावला तरच त्याची सुटका, आणि ती सुटका म्हणजे मरण. वाल्देमारला हे ठाऊक असतं. तो स्वतःला साखळदंडाने बांधून घेतो आणि तरी कुणी जवळ आलं की त्याच्या आवाजात आशा येते. इथे माझा घसा दाटतो, दर वेळी.

एक तक्रार लोक नेहमी करतात की सिनेमांची कथा जुळत नाही. एकात तो दुसऱ्या लांडग्याच्या चाव्याने शापित होतो, दुसऱ्यात पूर्वजाच्या पापामुळे. मेलेला पुढच्या सिनेमात जिवंत, आणि मागचं काही आठवत नाही. मला ते खटकत नाही. आजी एकच राक्षस तीन गोष्टींत तीन तऱ्हेने सांगायची, तेव्हा आम्ही हिशोब मागत नव्हतो.

१९७५च्या ‘ला माल्दिसिऑन दे ला बेस्तिया’मध्ये तर त्याला शाप बाधतो तो हिमालयात, यतीच्या, म्हणजे हिममानवाच्या, शोधात गेलेल्या मोहिमेत. तो हिमालय आपल्या ओळखीचा मुळीच नाही. पण या सिनेमात एका दुर्मीळ फुलाने त्याचा शाप उतरतो. शेवटी यतीशी झुंज होते आणि मग तो माणूस म्हणून, त्याच्यावर प्रेम करणाऱ्या मुलीबरोबर, बर्फातून चालत जातो. इतक्यांदा त्याला मरताना पाहिल्यावर पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी टीव्ही बंद न करता नावं संपेपर्यंत बसून राहिले होते.