कासा किल्ल्याचा चुना

मुरूडला आलेला माणूस जंजिरा बघतो आणि गाडीत बसतो. समोरच्या कासा बेटावरचा पद्मदुर्ग, म्हणजेच कासा किल्ला, तो पुळणीवरूनच पाहतो, कारण तिथे रोजची होडी जात नाही. ओळखीचा कोळी तयार झाला तरच जमतं. यंदा माघात आम्हाला तसा नाखवा भेटला.

धक्का नाही. गुडघाभर पाण्यात उतरलो आणि कालवांनी भरलेल्या खडकांवरून जपून पाय टाकत पडकोटाशी, म्हणजे बाहेरच्या तटाशी, पोचलो. तटाला हात लावला आणि तिथेच थांबलो. खाऱ्या वाऱ्याने दगड खाऊन टाकलेत, पण दोन दगडांमधला चुना तसाच उभा आहे! मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. दगडाच्या खळग्यात माझी चार बोटं सहज गेली, चुन्याची कड मात्र बोटाला टोचली. तो चुना मळणाऱ्या हातांना मी तिथेच नमस्कार केला.

जंजिऱ्याचा सिद्दी हटत नव्हता, म्हणून महाराजांनी त्याच्या तोंडासमोर हा कोट उठवला. राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी केली आहे, असं ते १६७५ च्या पत्रात लिहितात. राजपुरी हे सिद्दीचं किनाऱ्यावरचं ठाणं. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने इथली रसद वेळेवर पोचवली नाही, म्हणून त्याची त्या पत्रात चांगलीच कानउघाडणी आहे. भर समुद्रात पाया भरणाऱ्यांची महाराजांना किती काळजी होती, ते इथे उभं राहिल्यावर कळतं. महाराजांच्या आरमारातल्या लाय पाटलांची हकिगतही इथलीच. रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावून ते मोरोपंत पेशव्यांच्या माणसांची वाट बघत राहिले. कुमक आलीच नाही. तरीही महाराजांनी पालखीचा मान देऊ केला. दर्यावरच्या माणसाला पालखी काय कामाची, म्हणून त्यांनी तो नाकारला, तेव्हा त्यांना 'पालखी' नावाचं गलबत मिळालं, असं सांगतात.

पुढे किल्ला सिद्दीकडे गेला.

कमळाच्या पाकळ्यांचा बुरूज अजून देखणा आहे. बाकी आत कस्टमच्या जुन्या इमारतीच्या पडक्या भिंती, माजलेलं रान आणि जमिनीवर लोळणाऱ्या तोफा. एका तोफेचे पापुद्रे नुसत्या बोटाने सुटत होते. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यात चार जलदुर्ग आहेत, पद्मदुर्ग नाही. यादीचं राहू दे, निदान या तोफा मातीतून उचलून चौथऱ्यावर ठेवायला हव्यात, आणि तेही लवकर.

निघताना नाखव्याने दरवाजाशी नारळ फोडला. "आमची कोटेश्वरी देवी मूळची इथलीच," म्हणाला, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याने दर्याला दिला.