बदली खेळाडूंचा मोसम

गुरुवार, ३ ऑक्टोबर २०२४
सुवानी, जॉर्जिया

काल रात्री सॅन डिएगोत ब्रेव्ह्जचा, म्हणजे आमच्या अटलांटाच्या बेसबॉल संघाचा, मोसम संपला. ५-४ हरलो. परवाचा सामना ४-० असा गेलाच होता, त्यामुळे दोन दिवसांत गाशा गुंडाळला. आठव्या इनिंगमध्ये मायकेल हॅरिसने दोन धावांचा होम रन मारला तेव्हा घरातले सगळे उभे राहिलो होतो, पण पुढे काही झालं नाही. आज घटस्थापना. सकाळी घट बसवला, आरती झाली, पण मन ठिकाणावर नव्हतं. फोनवर सकाळपासून दोनच गोष्टी येताहेत, मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद आणि ब्रेव्ह्जच्या संघावरचा राग. पहिल्याबद्दल मंडळी भेटतील तेव्हा पोटभर बोलू. दुसऱ्याबद्दल आत्ताच लिहून काढते, कारण जे ऐकतेय ते मला अजिबात पटत नाहीये.

सूर असा आहे की बदली खेळाडूंवर वेळ मारून नेली, म्हणून ही वेळ आली. आमच्या ओळखीतले एक काका १९९५ पासून, म्हणजे ब्रेव्ह्ज अटलांटात पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज (बेसबॉलचं अजिंक्यपद) जिंकले तेव्हापासून, हा संघ बघताहेत. ते फोनवर म्हणाले, "अगं, जो संघ कागदावर होता तो मैदानात उतरलाच नाही." काकांचं म्हणणं खरं आहे. मात्र ते जिथे थांबतात तिथून माझं म्हणणं सुरू होतं. कागदावरचा संघ मैदानात उतरलाच नाही आणि तरीही ८९ सामने जिंकले. गेल्या वर्षीच्या १०४ विजयांपेक्षा मला हे ८९ मोठे वाटतात.

काय काय झालं ते नीट आठवून बघितलं पाहिजे. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात कॅचर शॉन मर्फीचा कुशीचा स्नायू दुखावला. गेल्या वर्षी २८१ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलेला पिचर स्पेन्सर स्ट्रायडर दोन सामने टाकून कोपराच्या शस्त्रक्रियेला गेला, तो वर्षभरासाठीच. २६ मे रोजी पिट्सबर्गला रोनाल्ड अकुन्याने सामन्याची सुरुवातच डबलने (एका फटक्यात दुसरा बेस गाठून) केली, तिसऱ्या बेसकडे निघाला, मागे वळला आणि डावा गुडघा धरून खाली बसला. ४१ होम रन आणि ७३ चोरलेले (फटक्याविना पळून गाठलेले) बेस एकाच मोसमात करणारा, खेळाच्या इतिहासात दुसरा कोणी नाही असा हा माणूस. मग जूनमध्ये हॅरिसचा हॅमस्ट्रिंग, जुलैमध्ये ऑझी अल्बीजचं मनगट, ऑगस्टमध्ये ऑस्टिन रायलीच्या हातावर बसलेला चेंडू. अल्बीजच्या जागेसाठी व्हिट मेरिफिल्डला आणलं, तर सप्टेंबरमध्ये त्याच्याच पायाचं हाड मोडलं. बदलीलाही बदली शोधायची पाळी.

"मग २०२१ मध्ये कसं जमलं?" हा प्रश्न आज मला किमान चार घरांतून आला आहे. जमलं, आणि कसं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. त्या जुलैत मायामीला अकुन्याचा उजवा गुडघा गेला. संघ ४४ विजय, ४५ पराभव अशा अवस्थेत. संघ जमवणाऱ्या जनरल मॅनेजर ॲलेक्स अँथोपोलसने आउटफिल्डसाठी, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागासाठी, चार जण आणले: जॉक पीडरसन, ॲडम डुवाल, एडी रोसारिओ आणि होर्हे सोलेर. सोलेरची कॅन्सस सिटीतली सरासरी (हजार संधींमागे किती हिट्स) तेव्हा दोनशेलाही पोचत नव्हती. रोसारिओ तर आणला तेव्हा स्वतःच जखमींच्या यादीत होता! ऑगस्ट संपत आला तेव्हा कुठे तो ब्रेव्ह्जसाठी उतरला. त्याच रोसारिओने डॉजर्सविरुद्धच्या मालिकेत १४ हिट्स मारल्या, आणि सोलेर वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ह्यूस्टनला सहाव्या सामन्यात त्याने मारलेला चेंडू स्टेडियमच्या बाहेर गेला होता, तो आमच्या घरात अजून कोणी विसरलेलं नाही.

पण त्या वर्षाने आपल्या अपेक्षांना वाईट सवय लावली, असं मला मनापासून वाटतं. आता कोणी जखमी झालं की लोक बघतात, नवा माणूस त्या माणसासारखा आहे का. अकुन्यासारखा कोणी नसतो, बाजारात तर नसतोच. २०२१ मध्येही अँथोपोलसने अकुन्या शोधला नव्हता. ज्यांचे संघ त्यांना सोडायला तयार आहेत, ज्यांची किंमत उतरली आहे, पण ज्यांच्या मनगटात अजून ताकद आहे, असे चार जण त्याने शोधले. चौघांचं मिळून भागलं. यंदाही त्याने तेच केलं. क्लीव्हलंडने सोडलेला रमोन लॉरेआनो, फिलाडेल्फियाने सोडलेला मेरिफिल्ड, डेट्रॉइटने सोडलेला जिओ उर्शेला. सोलेरलाही जुलैअखेर परत आणलं. उर्शेला आला तो रायलीचा हात मोडल्यावर दोनच दिवसांनी, २० ऑगस्टला. ऑगस्टअखेरपर्यंत जो संघटनेत नाही त्याला पोस्टसीझन (मोसमानंतरच्या बाद फेऱ्या) खेळता येत नाही, आणि जुलै संपल्यावर अदलाबदलीचा बाजार बंद झालेला असतो. म्हणजे दुसऱ्यांनी मोकळ्या केलेल्या माणसांतूनच निवडायचं. तिसऱ्या बेसवर उर्शेलाचे हात बघितलेत का कोणी? जमिनीलगत येणारा चेंडू तो इतक्या शांतपणे उचलतो की फलंदाज पहिल्या बेसच्या अर्ध्या वाटेवरच हार मानतो. लॉरेआनोची सरासरी २९० च्या वर राहिली. अशी माणसं रद्दड म्हणायची?

जवळून बघितलं म्हणून मला हे जास्त लागतं. ब्रेव्ह्जचा ट्रिपल-ए संघ (मोठ्या लीगच्या एक पायरी खालचा), स्ट्रायपर्स, आमच्याच ग्विनेट काउंटीत खेळतो. ब्रेव्ह्जच्या मैदानावर, ट्रुइस्ट पार्कला, जायचं तर ट्रॅफिकमध्ये जीव जातो, आणि स्ट्रायपर्सचं मैदान मात्र घरापासून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी डबा भरून घेतला, गाडी काढली की पोचलो. तिथे कुंपणाला टेकून उभं राहिलं तर बुलपेनमधल्या (सराव करायच्या जागेतल्या) पिचरचा श्वास ऐकू येतो. कॅचरच्या मिटमध्ये चेंडू बसल्याचा आवाज टीव्हीवर कधीच तसा येत नाही, तो छातीत वाजतो. पिचर ग्रँट होम्सला मी तिथे बघितलंय. लांब केस, भक्कम बांधा, आणि चेंडू टाकून झाला की पिचरच्या उंचवट्यावरून उतरताना मान खाली. २०१४ मध्ये डॉजर्सनी त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीत घेतलं होतं, आणि मोठ्या लीगमध्ये त्याचा पहिला चेंडू पडला तो यंदा १६ जूनला, वयाच्या २८ व्या वर्षी. मधली दहा वर्षं मायनर लीगच्या बसमध्ये गेली. अशा माणसाची जागा जखमींच्या यादीमुळे तयार होते हे खरं, पण ती भरायची तयारी त्याने दहा वर्षं केलेली असते.

हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये. १९ जानेवारी २०२१, गाबा. अजिंक्य रहाणे कर्णधार. बुमरा, शमी, अश्विन, जडेजा, विहारी, उमेश यादव, कोणीच नाही. आणि सातव्या विकेटसाठी १२३ धावांची भागीदारी केली ती आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरने आणि वॉशिंग्टन सुंदरने. सुंदर आणि नटराजन दोघांनाही नेट बोलर म्हणून ऑस्ट्रेलियात थांबवून घेतलेलं होतं. म्हणून ते त्या दिवशी ब्रिस्बेनला होते. त्या विजयाला आपण चमत्कार म्हणतो, पण कोणीतरी आधीच विचार करून त्या मुलांना तिथे ठेवलं होतं. त्याच वर्षी ब्रेव्ह्जही जिंकले. ते वर्ष माझ्यासाठी कायम बदली खेळाडूंचं वर्ष राहील.

सोमवारबद्दल लिहिल्याशिवाय ही पानं पुरी होणार नाहीत. हेलीन वादळामुळे न्यूयॉर्क मेट्सविरुद्धचे दोन सामने पुढे ढकलले होते, ते ३० सप्टेंबरला एकाच दिवशी. दोघांनाही एक-एक जिंकला तर पुढे जाता येणार होतं. पहिल्यात आमचा पिचर स्पेन्सर श्वेलेनबाखने सात इनिंग मेट्सला धाव दिली नाही. हाही स्ट्रायडरच्या रिकाम्या जागेमुळे मे महिन्यात वर आलेला मुलगा! आठव्यात मात्र मेट्सने सहा धावा काढल्या. मग आमच्या डावात अल्बीज आला. मनगट अजून पूर्ण बरं नव्हतं, डाव्या हाताने बॅट फिरवता येत नव्हती, म्हणून उजव्या हाताच्या पिचरसमोरही तो उजव्यानेच उभा. समोर मेट्सचा पिचर एडविन डियाझ. तीन धावांचा डबल. माझा मुलगा ओरडला तो शेजारी ऐकू गेला असेल. आणि नवव्यात मेट्सच्या लिंडोरचा होम रन. ८-७, हरलो.

दुसरा सामना पिचर क्रिस सेलने टाकायचा होता. बोस्टनहून त्याला आणलं तेव्हा त्याच्या दुखापतींची जंत्री वाचून लोकांनी नाकं मुरडली होती, आणि त्याने १८ विजय, २.३८ चा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा), २२५ स्ट्राइकआउट असं वर्ष दिलं. तिन्हींत नॅशनल लीगमध्ये पहिला. नेमकी त्याच दिवशी त्याची पाठ धरली. बॉल दिला कोणाच्या हातात? ग्रँट होम्सच्या. चार इनिंग, एकही धाव नाही. ३-० जिंकलो आणि पोस्टसीझनला गेलो. रात्रीच विमानाने सॅन डिएगो, दुसऱ्या दिवशी सामना, आणि टाकायला उरला कोण तर २१ वर्षांचा एजे स्मिथ-शॉव्हर, यंदा मोठ्या लीगमध्ये फक्त एक सामना टाकलेला. पहिल्याच इनिंगमध्ये सॅन डिएगोच्या टाटीसने त्याला होम रन मारला आणि समोरच्या मायकेल किंगने १२ जणांना स्ट्राइकआउट केलं. काल आमचा पिचर मॅक्स फ्रीडला पहिल्याच इनिंगमध्ये फलंदाजाने परत मारलेला चेंडू कमरेवर बसला, दुसऱ्यात पाच धावा गेल्या. तोवर संघात काही शिल्लकच नव्हतं. त्याला बदली खेळाडूंचा दोष म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

जिथे काका बरोबर आहेत तेही लिहिते. डुवालचं मला फार प्रेम आहे, २०२१ मुळे ते आयुष्यभर राहील, पण यंदा त्याची सरासरी १८२ होती आणि तरी त्याला फार दिवस खेळवलं. अकुन्या मे महिन्यात गेला, आउटफिल्डला मोठी मदत आली जुलैच्या शेवटी. एवढा उशीर नको होता. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे) ऑर्लँडो आर्सियाचं क्षेत्ररक्षण उत्तम, पण बॅट वर्षभर थंड, आणि त्याच्यामागे भरवशाचा दुसरा कोणीच नाही. दुखापत झाली नाही म्हणून त्या जागेकडे कोणी बघितलंच नाही. दुखापत हेच बदलाचं एकमेव कारण असावं का? मला तरी मैदानावर संघ चालवणारे मॅनेजर ब्रायन स्निटकर जुन्या निष्ठेने निर्णय घेतात असं वाटतं. खेळाडू त्यांच्यासाठी जीव टाकतात याचंही तेच कारण असेल, पण जुलैत चार-पाच सामने त्यापायी गेले अशी माझी खात्री आहे. आणि ते चार-पाच सामने हातात असते तर सोमवारी दोन सामने खेळून रात्री विमान पकडायची वेळ आली नसती, सेलच्या पाठीला विश्रांती मिळाली असती.

आता हिवाळ्यातली कामं. फ्रीडचा करार संपला, त्याला थांबवणं कठीण दिसतंय, पण बोलणी तरी मनापासून व्हावीत. अकुन्या आणि स्ट्रायडर दोघेही पुढच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी तयार असतील असं धरून चालू नये. शॉर्टस्टॉप हवाच. लॉरेआनोला सोडू नये, डाव्या फिल्डला इतक्या कमी पैशांत तसा माणूस मिळणार नाही. आणि स्प्रिंग ट्रेनिंगला (मोसमाआधीच्या सरावाला) होम्सला पहिल्यापासून सामना सुरू करणाऱ्या पिचरांत धरावं. दर वेळी कोणाची तरी पाठ धरण्याची वाट त्याने का बघायची? काकांशी यावरून रविवारी भांडण होणार आहे, त्यांना तिथे नाव असलेला पिचर विकत आणायचाय. ते जेवायला येताहेत, पुरणपोळ्या करणार आहे.