आरव्हीची गेलेली झळाळी परत आणताना

अमेरिकेतल्या फीनिक्समध्ये वर्षातले शंभरहून जास्त दिवस पारा ३८ अंशांच्या पुढे असतो आणि आमची जुनी आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली सहलीची गाडी, बाराही महिने उघड्यावर उभी. ग्रँड कॅन्यनहून आल्यावर सामान उतरवताना तिच्या अंगाला हात टेकला, तर तळवा खडू लागावा तसा पांढरा झाला. ती धूळ नव्हती. फायबरग्लासवरचा जेलकोट, म्हणजे रेझिनचा चकचकीत बाहेरचा थर, उन्हातल्या अतिनील किरणांनी मरत जातो, आणि त्याचा वरचा थर असा भुकटी होऊन सुटतो. बाहेर हे काम करून घ्यायचं तर गाडीच्या लांबीवर, फुटाच्या हिशेबाने पैसे घेतात. म्हणून आम्ही दोघांनीच हाती घ्यायचं ठरवलं.

उन्हाळा सरेपर्यंत थांबलो. तापलेल्या भिंतीवर शाम्पू जागच्या जागी वाळतो, त्यामुळे पहाटेच सुरुवात करायची आणि सावलीतली बाजू धरायची. पण आधी छत! खिडक्यांच्या कोपऱ्यांतून खाली ओघळलेल्या काळ्या रेघा कितीही घासा, पुन्हा उमटतात, कारण त्यांचं मूळ वर असतं. आमचं छत ईपीडीएम रबराचं आहे. तेही जुनं झालं की पांढरी भुकटी सोडतं, त्यात धूळ मिसळते आणि पावसाबरोबर ते सगळं भिंतीवर उतरतं. मऊ ब्रश आणि सौम्य साबण, एवढंच त्याला चालतं. पेट्रोलियमचा अंश असलेल्या क्लीनरने हे रबर फुगतं.

छत घासताना नवऱ्याने हाक मारली, "अगं, वर ये जरा. हे बघ." छतावरच्या व्हेंटच्या (हवेच्या झरोक्याच्या) कडेचं, फट बुजवणारं सीलंट सुकून त्याला केसाएवढी चीर गेली होती. बोटाला जेमतेम लागेल इतकी, पण पाणी आत शिरायला तेवढी पुरते, आणि मग आतलं लाकूड कुजतं. वॅक्सचं सगळं बाजूला ठेवून तो दिवस सीलंट भरण्यात घालवला. माझ्या मते गाडी धुण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच: तिचा इंच न् इंच नजरेखालून जातो.

भिंती वरून खाली धुतल्या. दोन बादल्या घेतल्या, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळायची, म्हणजे निघालेली वाळू पुन्हा रंगावर घासली जात नाही. भांड्यांचा साबण जुनं वॅक्स उतरवायचं असेल तरच वापरावा, एरवी नको. फ्रिजच्या बाहेरच्या जाळीवर पाण्याचा फवारा मारायचा नाही, आरव्हीचा फ्रिज गॅसवरही चालतो आणि त्या जाळीच्या आत त्याचा बर्नर असतो. आमच्याकडे नळाला कोलोरॅडो, सॉल्ट आणि व्हर्डे नद्यांचं पाणी येतं, ते चांगलंच जड. थेंब वाळला की क्षाराचं पांढरं वर्तुळ राहतं. म्हणून एकेक भाग धुवायचा आणि लगेच मायक्रोफायबरने टिपायचा.

खरी मेहनत पुढे. मेलेल्या जेलकोटवर वॅक्स धरत नाही. आधी तो थर काढावाच लागतो. स्टिकरच्या कडांना मास्किंग टेप लावली, कंपाउंड, म्हणजे घासून थर काढणारी पेस्ट, घेतलं आणि दोन-दोन फुटांचे चौकोन करत पॉलिशिंग मशीन फिरवलं. दक्षिणेकडच्या बाजूला पॅड मिनिटभरात पांढऱ्या गाळाने भरायचं. मग थांबा, ब्रशने झाडा, पुन्हा सुरू. खांदे भरून आले, पण एका चौकोनात समोरचं झाड स्पष्ट दिसलं आणि शेजारच्यात नुसताच धुरकट पांढरेपणा होता, तेव्हा हात आपोआप पुढे सरकला. उत्तरेकडच्या बाजूला मात्र कंपाउंड लागलंच नाही, हलकं पॉलिश पुरलं. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, कारच्या रंगावरच्या पारदर्शक थराच्या, क्लिअरकोटच्या, जवळजवळ दसपट. तरी दरवर्षी कंपाउंड मारत सुटलं तर तोही संपणारच.

शेवटी संरक्षण. कार्नोबा वॅक्सची चमक मला फार आवडते, पण इथल्या उन्हात ते लवकर उतरतं, म्हणून पॉलिमर सीलंट लावलं; हे फटीत भरायचं नव्हे, वॅक्ससारखं वरून लावायचं. स्टिकरवर ते हाताने, हलकंच. टायरना पांढरी कव्हरं चढवली. आता प्रत्येक सहलीनंतर गाडी तोंड फिरवून लावतो, म्हणजे दक्षिणेचं ऊन दोन्ही बाजूंना वाटून मिळतं.