चर्माङ्क ते चमक

दसरा होऊन आठ दिवस झाले होते. अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याच्या स्टँडवरून ऑटोने चमक गावाला पोचलो तेव्हा पऱ्हाटी नुकतीच फुटायला लागली होती आणि एका वावराच्या कडेला कापूस वेचणीआधीच्या सीतादहीच्या पूजेतल्या दहीभाताची शितं मुंग्या ओढत होत्या.

मी आलो होतो एका राजासाठी. विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटक घराण्यातला दुसरा प्रवरसेन, पाचव्या शतकातला. या गावात जमीन नांगरताना त्याचा ताम्रपट निघाला. राज्याच्या अठराव्या वर्षी, कोण्डराजाच्या विनंतीवरून, भोजकट प्रदेशातल्या मधुनदीकाठच्या चर्माङ्क गावची ८००० भूमी (तेव्हाचं जमिनीचं माप) त्याने १००० ब्राह्मणांना दिली. पुढे तपशील येतो तो थेट तलाठ्याच्या दप्तरासारखा. गावात शिपाई शिरायचे नाहीत, फुलं-दूध मागायचं नाही, फिरतीवरच्या अंमलदारांसाठी चारा, बसायला कातडं, कोळसा घ्यायचा नाही. ही सूट सूर्य-चंद्र असेपर्यंत, पण अट घालून: दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी करायची नाही, दुसऱ्या गावांना त्रास द्यायचा नाही. तसं केलं आणि राजाने जमीन काढून घेतली, तर ती चोरी ठरणार नाही.

कोळशापर्यंत ज्याचं लक्ष जातं, त्याच माणसाने ‘सेतुबन्ध’ हे काव्य रचलं. पावसाळाभर खोळंबलेला राम, मग उजाडलेला शरद, समोर पसरलेला समुद्र आणि डोंगर उपटून आणणारी वानरसेना. वऱ्हाडाला समुद्र नाही. इथं उभं राहिलं की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, बाकी सगळी काळी जमीन. तरी त्याने समुद्र असा उभा केला की पुढे बाणभट्टाने लिहिलं, वानरसेना सेतूवरून गेली तशी प्रवरसेनाची कीर्ती सागरापार गेली. आणि मला सगळ्यात जवळचं वाटतं ते हे की दप्तर त्याने संस्कृतात ठेवलं, काव्य मात्र महाराष्ट्री प्राकृतात, आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत केलं. काव्यशास्त्रकार दंडीने महाराष्ट्रातल्या या भाषेला उत्तम प्राकृत म्हटलं, ते याच काव्याचा दाखला देऊन.

“काय शोधून रायले भाऊ?” धुऱ्यावर बसलेल्या काकांनी विचारलं. मी मोबाईलमधला ताम्रपटाचा फोटो दाखवला, त्या चौकोनी डोक्यांच्या अक्षरांवर बोट ठेवून वाचलं. ते दुधाच्या ओळीवर थांबले. “मंग शिपायाले दूध देल्लं नाई तरी चालत व्हतं?”

“इथं चालत होतं, काका.”

“अन् गावाचं नाव काय म्हनलं तुमी?”

“चर्माङ्क.”

“चम्मांक,” ते म्हणाले. मग पुन्हा, सावकाश, “चम्मांक... चमक.” र जिभेवर येईचना. प्राकृतातही तो असाच गळतो. मी दुरुस्त केलं नाही.