बाटलीवरची वासरं, नोंद तिसरी: हगवण

मागची नोंद चिकावर होती, ही हगवणीवर. तक्त्यात आता प्रत्येक वासरापुढे वय, ताप, चोखण्याचा जोर आणि डोळा असे रकाने आहेत. शेणाच्या रंगाचा रकाना मुद्दाम शेवटी टाकलाय. पांढरी, पिवळी, हिरवट, तिन्ही रंगांची हगवण एकाच जंतूमुळे लागू शकते, म्हणून रंगावर निदान करणारा फसतो. वयावरून मात्र बराच अंदाज बांधता येतो.

पहिल्या चार दिवसांत पाण्यासारखी हगवण लागली आणि वासरू काही तासांत गळालं, तर पहिला संशय ई. कोलाय या जिवाणूवर. साधारण पाचव्या दिवसापासून दुसरा-तिसरा आठवडा संपेपर्यंत रोटा आणि कोरोना हे विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम (क्रिप्टो) हा एकपेशीय परजीवी, बऱ्याचदा दोन एकदम. रक्त, आव आणि कुंथणं तीन आठवड्यांच्या पुढे दिसलं तर कॉक्सिडिया, हाही आतड्यातला परजीवी. त्याचं जीवनचक्रच तेवढं लांब असतं, त्यामुळे आठवडाभराच्या वासराला कॉक्सिडियाचं औषध पाजणं फुकट. साल्मोनेला हा जिवाणू कधीही येतो. सोबत ताप, घाण वास आणि शेणात आतड्याच्या सालपटासारखे तुकडे. वासरू चांगलं तरतरीत, ताप नाही, फक्त शेण पातळ, अशा वेळी आधी बाटली, पावडरचं माप आणि दुधाचं तापमान तपासा.

जंतू कुठलाही असो, वासरू मरतं ते पाणी आणि क्षार गेल्यामुळे आणि रक्तात आम्ल वाढल्यामुळे. त्यामुळे शेण घट्ट करणाऱ्या औषधांच्या मागे लागू नका. शेण पातळ असलं तरी चालेल, वासराच्या अंगात पाणी राहिलं पाहिजे.

पाणी किती गेलं ते डोळ्यावरून कळतं. खालची पापणी हलक्या हाताने बाहेर ओढा आणि डोळ्याचा गोळा व पापणी यांच्यामधली फट पाहा. निरोगी वासरात फट नसते. फटीच्या दर मिलिमीटरला वजनाच्या साधारण १.७ टक्के पाणी गेलं असं धरायचं. ४ मिमी म्हणजे सुमारे ७ टक्के. पडताळ्यासाठी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत सपाट झाली तर ठीक, चार-सहा सेकंद उभी राहिली तर प्रकरण गंभीर. मग तोंडात बोट घाला. जीभ कोमट आणि ओलसर हवी. थंड किंवा चिकट लागली आणि बोट चोखलं जात नसेल, तर पुढे बाटलीने भागणार नाही.

हिशोब ४० किलोच्या वासराचा. ८ टक्के घट म्हणजे ३.२ लिटर आधीच गेलेत, आणि जोराची हगवण असेल तर दिवसाला आणखी १ ते ४ लिटर जातात. म्हणजे एक लिटर ओआरएस पाजून समाधान मानण्यात अर्थ नाही. दुधाव्यतिरिक्त दिवसाला २-२ लिटर दोनदा, गरज पडली तर तीनदा.

ओआरएस घरी बनवायचं तर १ लिटर कोमट पाण्यात: मीठ ३.५ ग्रॅम, खायचा सोडा ५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ग्लुकोज २५ ग्रॅम. याने सोडियम लिटरला १२० मिलिमोलच्या (क्षार मोजायचं एकक) आसपास येतं. वजन काट्यावरच करा, चमच्याचं माप प्रत्येक हाताला वेगळं. माणसांच्या ओआरएसमध्ये सोडियम ७५ आणि आम्ल मारणारा भाग बराच कमी, म्हणून अडीअडचणीला चालेल, पण पडलेल्या वासराला उठवायला पुरत नाही. ग्लुकोजऐवजी साखर अजिबात नको: ती फोडणारं विकर वासराच्या आतड्यात नसतं, साखर तशीच पुढे सरकते, पाणी ओढते आणि हगवण वाढते.

दूध बंद करायचं नाही. दोन दिवस दूध तोडा हा सल्ला अजून फिरतोय, पण ओआरएसमधली ऊर्जा वासराला जगवण्याइतकीही नसते आणि आतड्याचं अस्तर भरून यायला दूधच लागतं. ४० किलोला दिवसाला ४ लिटर, दोन वेळांत वाटून. वेळ अशी: सकाळी ६ ला दूध, ११ ला ओआरएस, संध्याकाळी ६ ला दूध, रात्री १० ला ओआरएस. मधलं अंतर किमान दोन तास, कारण सोड्यामुळे चौथ्या पोटात दुधाची गुठळी नीट बनत नाही. क्षारांची पावडर थेट दुधात ढवळणं त्याहून वाईट. द्रावण फार दाट होतं आणि पोट फुगण्याचा धोका वाढतो. शेजारी साधं पाणी कायम.

चोखत नसेल पण उभं असेल तर नळीने २ लिटर ओआरएस. नळी आत गेल्यावर मान चाचपा: कडक कड्यांची श्वासनलिका आणि तिच्या बाजूला नळी, अशा दोन गोष्टी हाताला लागल्या पाहिजेत. एकच लागली तर नळी श्वासनलिकेत आहे, लगेच काढा. काढताना चिमटीत दाबून काढायची, नाहीतर उरलेले थेंब फुप्फुसात जातात. नळीने दूध नको, ते कोठीपोटात उतरून आंबतं. वासरू आडवं, तोंड थंड, अंगाचं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या खाली, तर पशुवैद्यांना बोलवा. त्याला शिरेतूनच सलाईन लागते. थंडावलेल्या आतड्यात ओतलेलं पाणी तसंच साचून राहतं.

अँटिबायोटिक प्रत्येक हगवणीला नाही. ३९.५ च्या वर ताप, शेणात रक्त, किंवा वासरू मलूल होऊन दूध सोडतंय, तर पशुवैद्य ठरवतील ते. विषाणू आणि क्रिप्टोवर त्याचा उपयोग शून्य. क्रिप्टोवरचं औषध हॅलोफ्युजिनोन वासराच्या वजनावर मोजून आणि दूध पाजल्यानंतरच. दुप्पट डोसही विषारी ठरतो, आणि एक दिवसाहून जुनी हगवण असेल तर ते देत नाहीत.

पावडरच्या दुधात सगळ्यात जास्त दिसणारी गडबड मापाची. १२.५ टक्के म्हणजे १२५ ग्रॅम पावडर आणि पाणी मिळून एक लिटर. एका लिटर पाण्यात १२५ ग्रॅम टाकले की ते ११ टक्क्यांवर येतं. आज दाट, उद्या पातळ, यानेही पोट बिघडतं. पाजताना दूध ३८ ते ४० अंश. बाटली उलटी केली की निपलमधून थेंब-थेंब पडावं. धार लागली तर भोक मोठं झालंय, निपल बदला.

बाटली आधी कोमट पाण्याने विसळा. उकळतं पाणी पहिल्यांदाच ओतलं तर दुधातलं प्रथिन काचेला धरून बसतं. मग गरम पाणी, डिटर्जंट आणि ब्रश, निपल उलटं करून आतूनही, आणि शेवटी पूर्ण वाळवा. क्लोरीनने क्रिप्टो मरत नाही, वाळवण्याने आणि चांगल्या उष्णतेने मरतो. आजारी वासराची बाटली वेगळी, त्याला पाजायचं सगळ्यात शेवटी, आणि नंतर हात साबणाने, कारण क्रिप्टो आणि साल्मोनेला दोन्ही माणसाला लागतात. शेण घट्ट झालं तरी जंतू काही दिवस बाहेर पडत राहतात, म्हणून त्याला लगेच कळपात सोडू नका.