खारलेल्या परसात लावलेला धापा

पाच वर्षांपूर्वी पिठोरी अमावास्येच्या उधाणाला आमच्या गावच्या बाहेरच्या बांधाला खांड पडली. रात्रीतून खाडीचं पाणी भातात शिरलं आणि पहाटे आमच्या परसात घोट्याच्या वर उभं होतं. ओहोटीला ते निघून गेलं, मीठ मात्र इथेच राहिलं. महिन्याभरात अळू पिवळं पडून झोपलं, मिरच्या गेल्या, शेवगा उभ्या उभ्या वाळला. नारळ तेवढे तगले.

आम्ही खारेपाटातले, अलिबाग आणि पेणच्या मधले. इथली जमीन खाडीकडून बांध घालून मिळवलेली. बांध आहे तोवर भात आहे. पूर्वी शिलोत्रीच्या, म्हणजे गावाने मिळून बांध राखायच्या पद्धतीच्या, काळात खांड पडली की घरटी माणूस चिखलात उतरायचा, असं सासरे सांगायचे. १९७९ पासून खारभूमीचा कायदा आहे, योजना आहेत आणि अर्जही आहेत. आमची खांड बुजायला दोन पावसाळे गेले, आणि तोवर दर मोठ्या उधाणाला पाणी आत येत राहिलं.

परस दीड गुंठ्याचं. तिथे भाजी व्हायची, त्यामुळे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती कधी विकत आणली नव्हती. म्हणून मी मीठ काढायच्या मागे लागले. चर खणले, पावसाचं पाणी वाफ्यांत कोंडून मग सोडून दिलं, शेणखत टाकलं, भाताचा तूस मिसळला, गादीवाफे उंच केले. आपल्याकडचा पाऊस मोठा, श्रावणात माती खरंच गोडी व्हायची. पण दिवाळी सरली, ऊन तापायला लागलं की खालचं मचूळ पाणी मातीतून वर चढायचं आणि संक्रांतीपर्यंत वाफ्यांवर मिठाचा पांढरा पापुद्रा धरायचा. माती तपासून घेतली तेव्हा क्षारता १४ निघाली. चारच्या वर गेली की जमीन खारी धरतात. शेतासाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातल्या पनवेल जातींचं भात लावायचा सल्ला मिळाला, तो उपयोगी पडला. परसातल्या भाजीचं काय, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. अशी तीन वर्षं गेली.

चौथ्या वर्षी वैशाखात, पाणी निघून जायच्या चराच्या तोंडाशी, जिथे साधं गवतही धरत नव्हतं, तिथे एक हिरवी चटई पसरलेली दिसली. लालसर, गुळगुळीत देठ, जमिनीला चिकटून धावणारे. पानं बोटाच्या पेराएवढी, जाड, रसाने भरलेली, समोरासमोर जोडीने. सकाळी दहाच्या सुमारास त्यात गुलाबी चांदण्यांसारखी एकेकटी फुलं उघडलेली होती. दुपारी गेले तर मिटलेली. पान तोडून जिभेवर ठेवलं आणि लहानपणी तिवराची पानं चाटायचो ती चव आठवली. फरक एवढाच, की तिवर आपलं मीठ पानाच्या पाठीवर बाहेर टाकतो आणि या पानाच्या पोटातच मीठ होतं.

शेजारच्या काकींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगो, ही खाडीवरची खारी घोळ. बकऱ्या खातात." खायची का, तर त्यांना माहीत नव्हतं.

न ओळखता खायचं नाही, हे मी ठरवलं होतं. पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या भाचीला फुलाचे, देठाचे, पानाच्या जोडीचे फोटो पाठवले. तिचा फोन आला, "मावशी, हा धापा. सेसुव्हियम पोर्टुलाकास्ट्रम." तिने आधी एक गोष्ट तपासायला लावली: जोडीतली दोन्ही पानं सारखी आहेत का? एक मोठं, एक लहान आणि पान रुंद गोलसर असेल तर तो विषखापरा, त्याला हात लावायचा नाही. आपल्या खाण्यातल्या घोळीचं फूल पिवळं असतं, याचं गुलाबी. आमचं सगळं जुळलं. तिनेच सांगितलं, की लिनीयसनेही १७५३ साली याला घोळीच्याच वंशात घातलं होतं, सहा वर्षांनी वेगळं काढलं. काकींची 'खारी घोळ' मला त्या दिवसापासून जास्तच आवडायला लागली, घरात आम्ही तेच म्हणतो.

भाचीने आणखी एक बजावलं. ही वनस्पती मिठाबरोबर जमिनीतले जड धातूही ओढून घेते, म्हणून तर सांडपाणी स्वच्छ करायच्या प्रयोगांत ती वापरतात. आमच्या खाडीतून बार्जेस जातात, काठाला तेलाचा तवंग दिसतो. तेव्हा खाडीवरून खुडून आणलेली भाजी खायची नाही. काठावरचे फाटे फक्त लावण्यापुरते घ्यायचे, तेही मूठभर, कांदळवनात न शिरता. आणि खायचं ते नव्या, आपल्या मातीत वाढलेल्या शेंड्यांचं. मी तर खाडीकडे गेलेच नाही. चराच्या तोंडचेच पंचवीस फाटे काढले.

लावताना पहिली चूक झाली. चांगली गोष्ट चांगल्या जागी लावावी म्हणून सगळ्यात उंच गादीवाफा निवडला, शेणखत घातलं आणि गोड्या पाण्याची झारी रोज फिरवली. वीतभर फाटा, चार पेरं, खालच्या दोन पेरांवरची पानं काढून ती पेरं मातीत. आठ-दहा दिवसांत मुळं धरली. पण रोपं लांबट झाली, पेरांमधलं अंतर वाढलं, पानं फिकट आणि पातळ. आषाढात गोगलगायी चढल्या, वाफ्यात पाणी साचलं आणि अर्धी सडून गेली.

त्याच काळात चराच्या तोंडाशी उरलेली मूळची चटई, जिला मी काही घातलं नव्हतं, ती हातभर पुढे सरकली होती. प्रत्येक पेराला नवी मुळं फुटत होती.

मग भाचीच्या सांगण्यावरून कुंड्यांत करून पाहिलं. तिच्या वाचनात आलं होतं, की या झाडाला थोडं मीठ मिळालं तर ते मीठ नसण्यापेक्षा जोमाने वाढतं. चार कुंड्यांत गोडं पाणी, चार कुंड्यांत आमच्या जुन्या विहिरीचं मचूळ पाणी. दीड महिन्यात मचूळ पाण्याच्या कुंड्या कडेवरून खाली लोंबायला लागल्या, पानं जाड, देठ लालसर. ज्या विहिरीकडे आम्ही खांड पडल्यापासून पाठ फिरवली होती, तिचं पाणी पुन्हा उपसायला सुरुवात झाली ती तेव्हापासून.

नवरात्रात, पाऊस ओसरल्यावर, सगळ्यात खारट भागात वाफे केले. खत नाही, फक्त माती भुसभुशीत. फाटे वीतभर अंतरावर. पहिला आठवडा एक दिवसाआड पाणी, नंतर आठवड्यातून दोनदा. जागा पूर्ण उन्हाची, कारण नारळाच्या सावलीत लावलेली ओळ मागेच राहिली. डिसेंबरात जमीन दिसेनाशी झाली. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी शेंड्यांची चार-पाच बोटं खुडते. खुडलं की फुटवे वाढतात. जुनी, लाल झालेली पानं घेत नाही, त्यांत मीठ सगळ्यात जास्त आणि चव कडवट.

आता स्वयंपाकघराचं. पहिल्या दिवशी मी तिची माठासारखी भाजी केली. कांदा, लसूण, मिरची, सवयीने चिमूटभर मीठ. एक घासही गिळवेना. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, माहेरच्या वसईकडच्या. त्यांनी चव घेतली आणि म्हणाल्या, "मोरसासारखी कर. आधी तिचं मीठ काढ, मग बघू." मोरस ही त्यांच्याकडची खाजणातली भाजी, सुईसारख्या बारीक पानांची. झाड निराळं, पण खारटपणा तोच. त्यांच्या आईची रीत अशी: मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळायचं, पाला टाकून एक उकळी काढायची, पाणी ओतून द्यायचं. पुन्हा नवं पाणी, पुन्हा उकळी. मग गार पाण्यात टाकून मुठीने घट्ट पिळायचा. तो गोळा विळीवर बारीक चिरायचा. आणि शेवटपर्यंत मीठ नाही.

दोन पाण्यांत खारटपणा जातो आणि घशाला लागणारा कडवटपणाही जातो. उरतं ते पालकाहून कुरकुरीत, किंचित आंबूस असं काहीतरी. आमच्याकडे ती तीन प्रकारे होते. भिजवलेली मूगडाळ आणि ओलं खोबरं घालून, वर लसणीची फोडणी. सुका जवळा भाजून, कांदा आणि कोकम घालून, तांदळाच्या भाकरीबरोबर. ही ह्यांची आवडती. आणि कोवळे शेंडे असतील तर एकाच पाण्यात उकळून दह्यातली कोशिंबीर. कच्चं म्हणून आम्ही फक्त एखादं-दुसरं पान काकडीबरोबर चाखतो. जवळा घालताना तो धुऊन घ्यायचा, नाहीतर त्याचं मीठ वर येतं.

आईंना रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं की कितीही पिळली तरी ही मिठाचीच भाजी. त्यामुळे त्यांना महिन्यातून एकदा, दोन चमचे, आणि त्या दिवशी लोणचं-पापड नाही. त्यांची रीत वापरून केलेली भाजी त्यांनाच मोजून वाढताना माझा हात अडखळतो. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनीही जपून खावी, असली जाड पानांची भाजी त्यांना बाधू शकते.

लोणच्याची वाट धाकट्या दिरांनी दाखवली. ते बोटीवर असतात. सुट्टीत आले तेव्हा वाफ्याजवळ उभे राहून म्हणाले, "वहिनी, हे तर दाम्पालित!" त्यांच्या बोटीवरचा फिलिपिनो कुक घरून याची बरणी आणतो. तिकडे मत्स्यतळ्यांच्या बांधांवर हे माजतं आणि त्याचं अचारा करतात. मनिलाजवळ मालाबोनमध्ये दाम्पालित याच नावाची वस्ती आहे. अचारा, अचार, शब्द आपल्या किती जवळचा! भाऊजींनी बोटीवरून कुकला विचारून कृती पाठवली. शेंडे उकळून पिळून घ्यायचे. व्हिनेगर आणि साखर उकळून गार करायची. त्यात आल्याच्या काड्या, लसूण, गाजर, अख्खी मिरी. मी साखरेच्या जागी गूळ घातला, रंग काळपट झाला, पण चव आम्हाला जास्त रुचली. आठ दिवस मुरू द्यायचं. पहिल्या घाण्याला पाला नीट पिळला नव्हता, पाणी सुटून वर बुरशी आली, सगळी बरणी गेली. आता पिळून झाल्यावर पंच्यावर पसरून तासभर सुकवते.

दुसरी चूक जास्त महाग पडली. खुडल्यावर उरलेले जाड देठ, लाल पानं मी वर्षभर खताच्या खड्ड्यात टाकत होते. ते खत मेथीला घातलं आणि मेथी उगवून चार दिवसांत करपली. मातीतलं मीठ झाडाने वर काढलं होतं आणि मीच ते परत मातीत घातलं. भाचीने तेव्हा अण्णामलै विद्यापीठातल्या संशोधनाचे आकडे सांगितले: एका हेक्टरवरचा धापा चार महिन्यांत जवळपास ४७४ किलो मीठ जमिनीतून उचलू शकतो. आमच्या दीड गुंठ्याला हिशोब केला तर सात किलो येतात. सात किलो मिठाच्या पिशव्या डोळ्यांसमोर आल्या आणि खताचा खड्डा त्याच दिवशी रिकामा केला. आता उरलेला पाला चराच्या पलीकडे, बांधाबाहेर जातो, किंवा काकींच्या बकऱ्यांना, थोडा थोडा, बाकीच्या चाऱ्यात मिसळून.

यंदा मार्गशीर्षात ज्या वाफ्यावरून दोन वर्षं धापा कापून नेला, तिथे लाल माठ पेरून पाहिला. उगवला. कडेच्या रोपांची टोकं जळली, मधली टिकली, आणि पौषात एक जुडी निघाली. खांड बुजली, त्यामुळे नवं खारं पाणी आलं नाही, हे त्यातलं मोठं कारण. धाप्याने उचललेल्या मिठाचा वाटा त्याच्या मागे. तो वाफा आता माठाला ठेवलाय. बाकीच्या चार वाफ्यांत आणि चराच्या दोन्ही काठांनी धापाच आहे, तो मी काढणार नाही.

भाऊजी पुढच्या महिन्यात पुन्हा बोटीवर निघतायत. अचाऱ्याच्या दोन बरण्या मुरत ठेवल्यात, एक त्यांची, एक त्या कुकसाठी. गुळाची चव त्याला कशी लागते ते कळवा म्हणून सांगितलंय.